खलफानचं पोट आणि मशिदीची खजुरी

खलफानला पोट कधी सुटलं हे त्याचं त्यालाही कळलं नाही, आणि गावाला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. पोट हे आगंतुक पाहुण्यासारखं असतं. आधी दाराशी उभं राहतं, मग जरा बैठकीत टेकतं, आणि एक दिवस बघावं तर उशी घेऊन असं पसरलेलं असतं की ऊठ म्हणायची सोय राहत नाही.

तरणेपणी हाच खलफान इतका किडकिडीत होता की त्याची आई रय्या म्हणायची, वारा सुटला की या पोराच्या खिशात दगड घालून त्याला बाहेर पाठवावं लागतं. खजुरीवर चढण्यात आमच्या डोंगरपायथ्याच्या गावात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. दोराचा फास खोडाभोवती आणि आपल्या पाठीभोवती घालायचा, पाठ त्यावर रेलायची, पाय खोडावर रोवायचे आणि दोर झटक्याने वर सरकवत सरकवत जायचं. बघणाऱ्याच्या पेल्यातला कहवा निवायच्या आत खलफान शेंड्याला. पुढे त्याला निझवा शहरातल्या सरकारी कचेरीत नोकरी लागली. खुर्ची मऊ, काम हलकं, जाण्यायेण्याला पिकअप. ती पिकअप अशी अंगवळणी पडली की शेजारच्या गल्लीत भाकरी पोचवायची असली तरी तो चावी शोधायचा. निवृत्त होऊन घरी बसला तोवर त्याच्या लांब पांढऱ्या दिशदाशाचा पुढचा घेर वीतभर वर उचलला गेला होता आणि मागचा घेर रस्ता झाडत होता.

गावाने हेही हसून सोडून दिलं असतं. पुरुषाला पोट आहे म्हणजे घरात बायको सुगरण आहे, एवढाच त्याचा अर्थ आमच्याकडे. पण खलफानच्या घराण्याकडे मशिदीच्या खजुरीचा मान होता.

मशिदीच्या मागे, डोंगरातून पाणी आणणाऱ्या फलजच्या पाटाला लागून ती खजुरी उभी आहे. जुनी आणि उंच. कुणा पूर्वजाने देवाच्या नावाने सोडलेली. तिचा खजूर विकायचा नाही. रमजानात संध्याकाळी जो कुणी मशिदीत उपास सोडायला येईल, गावचा असो की वाटसरू, त्याच्या तोंडात पहिला खजूर त्या झाडाचा पडायचा. आणि त्या झाडावर चढायचं ते याच घराण्यातल्या माणसाने. थंडी सरताना पोय, म्हणजे फुलांचा कोंब, उकलली की नर झाडाच्या फुलांचे तुरे तिच्यात खोचायचे, नाहीतर फळ धरत नाही. उन्हाळ्यात घड उतरवायचे. आजोबांनी हे केलं, बापाने केलं. बाकीच्या झाडांवर मजूर चढवा, कुणाची हरकत नाही. या झाडावर नाही.

नोकरीत असतानाही खलफान दरवर्षी सुटी काढून चढायचा. दरवर्षी थोडी जास्त धाप लागायची, ती तो उन्हावर ढकलायचा. गेल्या उन्हाळ्यात मात्र ढकलायला काही उरलं नाही. दोर पुरेना, म्हणून त्याला तुकडा जोडला. दोर पुरला, तर मध्ये पोट. हात खोडापर्यंत पोचेनात, पाय तोडलेल्या झावळ्यांच्या खुंटांवरून घसरायला लागले. माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर तो असा अडकला की वर जाता येईना आणि खाली उतरता येईना. सगळा गाव खाली उभा. शेवटी त्याचा चुलतभाऊ मुसब्बह पुढे झाला, त्याने खलफानचे पाय धरून त्याला लहान मुलासारखं उतरवून घेतलं, आणि मग स्वतः दोर बांधून वर जाऊन घड कापले.

मुसब्बह खलफानच्याच वयाचा. कितीही खाल्लं तरी अंगाला न लागणारी माणसं असतात, त्यातला. त्या दिवसापासून त्याच्या जिभेला नवं काम मिळालं. खलफान भेटला की तो आधी त्याच्या पोटाला सलाम करायचा आणि मग त्याला. मालक मागून येतोय का, असं विचारायचा.

इमाम सुलैमान मवाळ माणूस, पण त्यांनीही खलफानला बाजूला घेऊन बोलायचं ते बोलून टाकलं. "झाड कुणासाठी थांबत नाही, खलफान. थंडी सरता सरता पोय उकलेल. त्या दिवशी तू चढलास तर दोराचा मान तुझा. नाही चढलास तर तो मुसब्बहच्या घरी जाईल, आणि एकदा गेला की त्याच्या मुलांकडे राहील." खलफानचा मुलगा हिलाल मस्कतला थंडगार खोलीत संगणकापुढे बसतो. तो कधी चढणार नव्हता हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे जे काही व्हायचं ते या एका पोटावर अवलंबून होतं.

खलफान कामाला लागला. आधी त्याने टीव्हीवर बघून एक पट्टा मागवला. तो पोटाला बांधून बसलं की घाम येतो आणि घामातून चरबी जाते म्हणे. घाम आला, पट्ट्याला वास आला, चरबी जागची हलली नाही. मग त्याने गालिच्यावर उताणं पडून उठून बसण्याचा व्यायाम सुरू केला. पाय वर येऊ नयेत म्हणून बायको झुवैना त्याच्या पावलांवर बसायची. चार-पाच वेळा उठल्यावर तो तसाच पडून छताकडे बघत राहायचा, आणि झुवैना तिथेच बसल्या बसल्या लसूण सोलून घ्यायची.

गावच्या दवाखान्यात एक तरुण इजिप्शियन डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी त्याला तपासलं आणि नीट समजावून सांगितलं. नुसते पोटाचे व्यायाम करून नुसतं पोट उतरत नाही, सगळं अंग हललं पाहिजे. रोज भरभर चाला. भात अर्धा करा. गोड बंद. रात्री लवकर जेवा आणि पुरेसं झोपा. साखर किती खाता, असं त्यांनी विचारलं तेव्हा खलफान छाती काढून म्हणाला की आपण चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो. ते खरंच होतं. बाई खूष झाल्या.

आणि खलफानने सगळं पाळलं, हे सांगायलाच हवं. ताटातला भात निम्म्यावर आला. शुक्रवारच्या बोकडाच्या रश्श्यातली चरबी तो चमच्याने बाजूला सारायचा, जरी ती बाजूला सारताना त्याचा चेहरा कुणाला मूठमाती देऊन आल्यासारखा व्हायचा. पिकअपची चावी झुवैनाने कणकेच्या डब्यात लपवली. रोज सकाळी प्रार्थना झाली की तो काठी घेऊन निघायचा, फलजच्या कडेने वरच्या आळीला, तिथून बागांमधून खालच्या आळीला, आणि ऊन तापायच्या आत घरी. इतका चालायचा की चपलेचा तळ गेला.

झुवैनाने एका दोऱ्याने त्याच्या पोटाचा घेर मोजून गाठ मारून ठेवली होती. दर शुक्रवारी ती दोरा लावायची. गाठ काही आत येईना. महिन्याभराने उलट दोरा अपुरा पडला.

खलफान खचला. माझी हाडंच जाड आहेत, म्हणाला. आईकडून आलं असणार, म्हणाला. आई रय्या पलीकडे जपमाळ ओढत बसली होती, तिने मणी न थांबवता विचारलं की मग इतकी वर्षं ती हाडं कुठे गेली होती.

झुवैनाच्या डोक्यात मात्र चक्र फिरायला लागलं. उत्तर तिला दोन दिवसांनी बायकांच्या बैठकीत सापडलं. सकाळची कामं उरकली की आमच्याकडे बायका एकीच्या घरी जमतात, खजूर, फळं, कहवा मध्ये ठेवून गप्पा होतात. बोलता बोलता वरच्या आळीची म्हातारी नस्रा कौतुकाने म्हणाली की झुवैना, तुझा नवरा किती मायाळू गं, रोज सकाळी माझ्या दाराशी थांबतो, माझ्या नव्या खजुराची चव घेतल्याशिवाय पुढे जात नाही. त्यावर मौजा म्हणाली, अगं आमच्याकडेही येतो, परवा हलवा केला होता तर केवढा आवडीने खाल्ला. तिसरी म्हणाली, आमचे हे तर त्याची वाट बघत बसतात. मग चौथी बोलली. झुवैनाच्या हातातला पेला तोंडापर्यंत जाऊन तिथेच थांबला.

त्या दुपारी तिने नवऱ्यापुढे त्याचा अर्धा भात ठेवला आणि समोर बसली.

"अबू हिलाल, आज सकाळपासून काय काय खाल्लंत?" हिलालचा बाप म्हणून हाक मारत तिने विचारलं.

"एक भाकरी. तुझ्यासमोर तर खाल्ली."

"आणि खजूर?"

खलफानला प्रश्नच कळला नाही. "खजूर काय खाण्यात धरतात का? तो कहव्याबरोबर असतो."

"आणि हलवा?"

"तो मी मागितला नव्हता. लोकांनी पुढे केला."

यात लबाडी नव्हती, हे लक्षात घ्या. आमच्या माणसाला खजूर म्हणजे गोड वाटत नाही, खाणंही वाटत नाही. तो श्वासासारखा असतो. कुणी आपले श्वास मोजतं का? शिवाय सकाळी बाहेर पडलेला माणूस कुणाच्या दारावरून गेला आणि घरातून हाक आली, की ये रे, कहवा घेऊन जा, तर न थांबता पुढे जाणं म्हणजे त्या घराचा अपमान. खलफान जितका जास्त चालायचा तितकी जास्त दारं लागायची, आणि जितकी दारं तितके खजूर. झुवैनाने त्याला सांगून पाहिलं की हात जोडून पुढे जा. तो दुखावला. "माझ्या बापाने आयुष्यात कुणाच्या कहव्याला पाठ दाखवली नाही," म्हणाला. "पोटापायी मी माणुसकी सोडू?"

मग झुवैनाने त्याला काही सांगणं सोडलं आणि गावाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी खलफान काठी घेऊन निघाला. नस्राच्या दारावरून गेला. नस्रा अंगण झाडत होती. तिने सलामाला सलाम केला आणि पुन्हा झाडायला लागली. खलफान थोडा रेंगाळला, काठीने एक खडा इकडचा तिकडे केला, आणि पुढे गेला. मौजाचं दार उघडं होतं, आतून वेलदोड्याचा वास येत होता, पण हाक आली नाही. पुढच्या घरातल्या म्हाताऱ्याने तर त्याला बघून तोंड फिरवलं. त्या म्हाताऱ्याला हसू आवरेना म्हणून त्याने तोंड फिरवलं होतं, पण हे खलफानला कसं कळावं? खालच्या आळीपर्यंत एकानेही ये म्हटलं नाही.

 दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. आपण कुणाचं काय बिघडवलं, याचा तो विचार करू लागला. पाण्याच्या पाळीत कुणाचं पाणी जास्त घेतलं का? कुणाच्या मयताला जायचं राहिलं का? हिलाल मस्कतला काही करून बसला का? तिसऱ्या दिवशी त्याला राहवेना. तो घरोघर जाऊन दाराबाहेरूनच विचारू लागला की माझं काही चुकलं असेल तर पोटात घाला. बायका पदर तोंडात धरून आत पळाल्या, पुरुष म्हणाले, छे छे, काही नाही, आणि त्यांनी दार ओढून घेतलं. एकाकडून दुसऱ्याकडे, वरून खाली, पुन्हा वर, असा तो त्या दिवशी दुपारपर्यंत नुसता चालत होता. तोंडात पाण्याशिवाय काही गेलं नाही.

शेवटी तो पुन्हा नस्राच्या दारात आला, आणि त्याचे डोळे भरलेले बघून त्या म्हातारीचा धीर सुटला.

"लेकरा, तू काही केलेलं नाहीस. तुझ्या बायकोने आम्हाला शपथ घातली आहे."

खलफान घरी आला तो तणतणत. झुवैना तव्यावर पातळ भाकरी पसरत होती. त्याने आरडाओरडा करायचा असं वाटेत ठरवलं होतं, पण तो नुसता ओट्यावर बसला.

"मला वाटलं गावाने मला टाकलं," तो म्हणाला. "तीन दिवस मला तसं वाटत होतं."

झुवैनाने तवा खाली उतरवला. तिने हा परिणाम धरला नव्हता. तिला वाटलं होतं तो चिडेल, एवढंच. ती त्याच्याजवळ बसली.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "पण दोर मुसब्बहकडे गेला तर तुम्ही पुन्हा मशिदीत पहिल्या ओळीत उभे राहणार नाही, हे मला दिसतंय. तुम्ही मागे कुठेतरी खांबाआड उभे राहाल आणि मला सांगाल की तिथे गार वाटतं."

मशिदीतला गार खांब कोणता ते खलफानने मनात हेरूनच ठेवलं होतं.

मग दोघांनी बसून तह केला. गावाने त्याला हाक मारायची. त्याने जायचं, बसायचं, गप्पा मारायच्या. एक खजूर, एक पेला. आमच्याकडे पाहुण्याने रिकामा पेला पुढे केला की यजमान तो पुन्हा भरतो. पुरे झालं असेल तर पेला मनगटातून दोनदा हलवून परत द्यायचा, म्हणजे कुणी आग्रह करत नाही आणि कुणाचा मानही जात नाही. ही सोय बापजाद्यांनी करून ठेवलेलीच होती. खलफानने ती आयुष्यात वापरली नव्हती, इतकंच. पहिल्या दिवशी त्याचं मनगट असं अवघडलं की पेल्यातला थेंब मौजाच्या नवऱ्याच्या दाढीवर उडाला. हलवा पुढे आला की तो खिडकीबाहेरचा डोंगर बघायचा.

गाठ आत यायला लागली. भराभर नाही. पोट यायला जितका वेळ घेतं त्याहून जायला जास्त घेतं, कारण जाताना त्याला सगळ्यांचा निरोप घ्यायचा असतो. एका शुक्रवारी गाठ बोटभर आत, पुढच्या शुक्रवारी तिथेच, आणि हिलाल मस्कतहून मिठाईचे खोके घेऊन आला त्या आठवड्यात पुन्हा बाहेर. खलफानने पट्टा शेजाऱ्याच्या गाढवाला देऊन टाकला. सकाळच्या चालण्यात फलजमधला गाळ उपसायचं काम जोडून घेतलं, संध्याकाळी स्वतःच्या बागेतल्या बुटक्या झाडांवर चढून बघू लागला, पडलो तरी लाज जाऊ नये इतपत उंचीच्या. रात्रीचं जेवण लवकर झालं की झोपही लवकर लागायची, आणि आई रय्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याचं घोरणं आता वरच्या आळीपर्यंत ऐकू जात नव्हतं.

मुसब्बहची जीभ मात्र थकली नव्हती. तो आपला दोर उन्हात घालून, त्याला तेल चोळून तयार ठेवायचा आणि खलफान जाताना दिसेल असा अंगणात टांगायचा.

मग एका सकाळी इमामांनी निरोप पाठवला की पोय उकलली.

माणसं मशिदीमागे जमली. बायका गच्च्यांवर. खलफान नराचे तुरे खांद्यावरच्या पिशवीत घालून आला. मुसब्बह आपला दोर खांद्यावर टाकून बाजूला उभा राहिला. खलफानने फास खोडाभोवती घातला, पाठीभोवती घेतला आणि गाठ मारली. जोड द्यावा लागला नाही. गर्दीत कुणीतरी घसा खाकरला. पोट अजून होतं, ते सगळ्यांना दिसत होतं, पण आता ते खोडाला हात लावू देत होतं.

तो चढला. डोक्याइतक्या उंचीवर, गेल्या साली अडकला होता तिथे, क्षणभर थांबला. मग त्याने दोर वर झटकला आणि पुढे गेला. निम्म्यावर तो पुन्हा थांबला, आणि या वेळी बराच वेळ. छाती भात्यासारखी हलत होती. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. खाली मुसब्बहने खांद्यावरचा दोर काढून हातात घेतला.

"ये खाली," तो म्हणाला. आवाजात थट्टा नव्हती. "मी जातो. कुणी हसणार नाही."

"श्वास तर घेऊ दे, मुसब्बह," वरून आवाज आला. "मी खुर्चीत नाही बसलेलो."

खाली हसू फुटलं, आणि बहुतेक त्या हसण्यानेच खलफानचे पाय पुन्हा हलले. शेंड्याला पोचल्यावर तो झावळ्यांत दिसेनासा झाला. पिवळी पूड उन्हात उडताना दिसायला लागली तेव्हा कळलं की तो एकेक पोय उघडून तुरे खोचतोय, आणि झावळीच्या पातीने बांधतोय. एकही पोय त्याने सोडली नाही. उतरायला त्याला चढण्याइतकाच वेळ लागला.

जमिनीला पाय लागले तसा तो खाली बसला, कारण पाय उभं राहू देत नव्हते. दिशदाशा, दाढी, भुवया, सगळं पिवळं. इमाम त्याच्याजवळ आले, वाकून म्हणाले की दोर तुझ्याच घरी राहील, आणि जाता जाता हळूच म्हणाले की उन्हाळ्यापर्यंत. घड उतरवायचे आहेत, ते जड असतात. पुन्हा चढावं लागेल.

मुसब्बह त्याच्या शेजारी बसला. खलफानला वाटलं आता तो पोटाला सलाम करणार. पण मुसब्बहने त्याच्या पिशवीतला उरलेला एक तुरा काढून उगाच बोटांत फिरवला.

"तू वर थांबलास तेव्हा माझेच पाय कापायला लागले," तो म्हणाला. "उन्हाळ्यात पुन्हा हे बघायचं बळ माझ्यात नाही. उद्यापासून मी तुझ्याबरोबर चालायला येतो. तू कुठे काय खातोस यावर माझा पहारा."

"तू रे कशाला चालतोस? तुझ्या अंगावर आहे काय?"

"म्हणूनच तर. खाताना तुला माझा हेवा वाटेल आणि तू जास्त जोरात चालशील."

दुसऱ्या दिवशी प्रार्थना सुटताच मुसब्बह दाराशी हजर. झुवैनाने दोघांना पाणी दिलं. ते फलजच्या कडेने वरच्या आळीकडे गेले, एक रुंद आणि एक अरुंद, आणि वळणापर्यंत त्यांचं भांडण ऐकू येत होतं, कोण कुणाला मागे ओढतोय यावरून.